दंडाची पावती

गेल्या पावसाळ्यात एका मित्राबरोबर धडगावला जाणं झालं. आम्ही जळगावची माणसं सातपुडा लांबूनच बघतो. चोपडा-यावलच्या बाजूला गेलं की निळी रांग दिसते, "काय मस्त हवा आहे" म्हणतो आणि परत फिरतो. त्या रांगेच्या आत शिरून पश्चिमेला थेट नर्मदेच्या बाजूपर्यंत मी या वयात पहिल्यांदाच गेलो. (लाज वाटते, पण खरं आहे.)

मित्र तिथे वनहक्काचे दावे भरायला लोकांना मदत करतो. एका पडवीत तो कागद लावत बसला होता आणि मी उगाच शेजारी. तेवढ्यात एक म्हातारे पावरा बाबा आले. त्यांनी खताच्या गोणीच्या प्लास्टिकची पुरचुंडी काढली, उलगडली, आत आणखी एक पिशवी, आणि त्यात घडी घालून घालून चार तुकडे व्हायला आलेली एक पावती. १९७६ सालची. वनजमिनीत बेकायदा नांगरट केली म्हणून दंड भरल्याची.

मी मनात म्हटलं, झालं! बाबांनी स्वतःविरुद्धच पुरावा आणला. मित्र मात्र एकदम खूश. "बाबा, हा कागद लाखाचा आहे. भिजू देऊ नका."

तेव्हा मला उलगडा झाला नाही. नंतर झाला आणि तेव्हापासून ती पावती डोक्यातून जात नाही. मानवी हक्क म्हटलं की आपल्याला पॅरिस, जिनिव्हा, न्यूयॉर्क आठवतं. दहा डिसेंबरला शाळेत भाषण होतं, पेपरात एक चौकट येते, संपलं. पण या सगळ्या इतिहासातला एक मोठा तुकडा आपल्या खानदेशात घडलाय, आणि तो त्या पावतीत मावतो. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी घरातली गोष्ट. आमचे आप्पा, म्हणजे माझे मोठे काका, सत्तरच्या दशकात काही वर्षं त्या भागात सरकारी नोकरीत होते. तेव्हा तो सगळा धुळे जिल्हाच होता. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. आप्पांचं काम फिरतीचं, दप्तर सांभाळायचं, नोंदी करायच्या. लहानपणी आम्ही त्यांच्या तोंडून डोंगरातल्या खूप गोष्टी ऐकल्या. रात्रीचा पाऊस, महूच्या फुलांचा वास, एकदा रस्ता चुकले तेव्हा कुणीतरी घरी नेऊन भाकरी खाऊ घातली ती गोष्ट. आणि शेवटी हमखास एक वाक्य, "माणसं देवासारखी रे, पण सगळी अतिक्रमणावर बसलेली."

आम्हाला त्यात काही चूक वाटली नाही. अतिक्रमण म्हणजे दुसऱ्याच्या जागेत घुसणं. सरकारची जमीन, हे घुसले. सरळ हिशोब.

पण घुसलं नक्की कोण?

इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला, तेव्हा डोंगरातले भिल्ल त्यांच्या ताब्यात येईनात. १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी काढली, औट्रमसाहेबाने भिल्लांचीच पलटण उभी केली. म्हणजे भिल्ल तिथे आधीपासून होते, हे सरकारला चांगलं ठाऊक होतं. मग आला १८७८ चा वन कायदा आणि पुढे १९२७ चा. जंगल राखीव करण्याची त्यातली पद्धत बघण्यासारखी आहे. सरकारने जाहीरनामा काढायचा, ज्यांचा काही हक्क असेल त्यांनी ठरलेल्या मुदतीत मांडायचा. १९२७ च्या कायद्यात ही मुदत कमीत कमी तीन महिने होती. जो हक्क मांडला गेला नाही आणि चौकशीतही कुठे दिसला नाही, तो संपला. कागदावर अगदी न्यायाचं वाटतं, नाही? फक्त ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, ज्यांच्या पाड्यावर जाहीरनामा वाचणारा कुणी नाही, त्यांचा हक्क त्यांना न कळताच संपला. ते होते तिथेच राहिले, तीच जमीन नांगरत राहिले. बदललं ते एवढंच की आता त्याला गुन्हा म्हणायचं.

सरकारी जमिनीवरच्या अतिक्रमणांसाठी महसुलाच्या दप्तरात एक खास नोंदवही असते, गाव नमुना १-ई. शेतकऱ्याचा जीव जसा सातबाऱ्यात, तसा भूमिहीन माणसाचा या १-ई मध्ये अडकलेला. जंगलजमिनीचं दप्तर वनखात्याकडे, तिथे दंड आणि गुन्ह्याचे अहवाल. म्हणजे माणूस सरकारला दिसायचा, पण गुन्हेगार म्हणून.

आता पॅरिसला जाऊ या. १० डिसेंबर १९४८. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा मंजूर केला. बाजूने ४८ देश, विरोधात एकही नाही, ८ तटस्थ. पहिल्या कलमाच्या मसुद्यात इंग्रजीत 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द होते. ते बदलून 'सर्व माणसं' करायला लावण्यात आपल्या हंसाबेन मेहतांचा मोठा वाटा. हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे.

कमी माहीत असलेलं आहे ते सतरावं कलम. मालमत्ता बाळगण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, एकट्याने आणि इतरांच्या सोबतही. हे 'इतरांच्या सोबत' मला फार महत्त्वाचं वाटतं. आपला सातबारा ओळखतो खातेदाराला, ज्याचं नाव त्याची जमीन. पण एखाद्या पाड्याने मिळून सांभाळलेलं रान, चराई, महूची झाडं, नदीतले मासे... याला सातबाऱ्यात रकाना कुठे आहे? जाहीरनाम्यात निदान जागा होती.

पण जाहीरनामा म्हणजे जाहीरनामा. नुसता शब्द, कायद्याने बांधील नाही. बांधील व्हायला करार लागतो आणि तो करार देशाने मान्य करावा लागतो. म्हणून १९६६ मध्ये दोन मोठे करार झाले, एक नागरी आणि राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा. भारत त्यात सामील झाला १९७९ मध्ये. गंमत म्हणजे मालमत्तेचा हक्क या दोन्ही करारांतून गळालेला आहे. मात्र दोन्हींच्या पहिल्याच कलमात एक वाक्य आहे, कुठल्याही लोकसमूहाचं जगण्याचं साधन त्याच्यापासून हिरावून घेता येणार नाही. (भारताने सही करताना या कलमातल्या स्वयंनिर्णयाच्या हक्कापुरता एक खुलासा जोडला, की तो परकीय सत्तेखालच्या लोकांपुरताच आहे. देश सही करतात तेव्हा अशा पळवाटा ठेवूनच करतात.)

आणि एक करार याच्याही आधीचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, जिनिव्हा, १९५७, करार क्रमांक १०७. जगभरच्या आदिवासींविषयीचा हा पहिला आंतरराष्ट्रीय करार. त्याचं अकरावं कलम सांगतं की आदिवासी परंपरेने ज्या जमिनीवर राहत आणि वापरत आले, त्या जमिनीवरची त्यांची मालकी मान्य झाली पाहिजे, वैयक्तिक असो वा सामूहिक. भारताने हा करार १९५८ मध्ये मान्य केला!

म्हणजे आमचे आप्पा नोकरीत होते त्याच्याही कितीतरी आधी. बाबांनी दंड भरला तो १९७६ मध्ये. त्या दिवशी अठरा वर्षं झाली होती आपल्या देशाने जगाला शब्द देऊन, की परंपरेने कसलेली जमीन कसणाऱ्याची. तो शब्द जिनिव्हाहून अक्राणीच्या डोंगरापर्यंत पोचलाच नव्हता. कारण नुसता करार मान्य करून आपल्याकडे भागत नाही. राज्यघटनेच्या २५३ व्या कलमाप्रमाणे करार अमलात आणण्यासाठी संसद कायदा करू शकते, पण तो करावा लागतो. तो झाला नव्हता.

असो. हे सगळं कागदावरच राहिलं असतं, पण मध्ये आली नर्मदा.

सरदार सरोवर धरण गुजरातेत. त्याच्या फुगवट्याखाली तीन राज्यांतली गावं जाणार होती, त्यात आपल्याकडची अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३. महाराष्ट्रातलं पहिलं गाव मणिबेली. १९७९ मध्ये नर्मदा पाणीतंटा लवादाने निवाडा दिला. ज्याची बरीच जमीन बुडेल त्याला किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन मिळावी, असं त्यात होतं. त्या काळाच्या मानाने हा निवाडा चांगलाच पुढचा. पण प्रश्न तोच. जमीन 'ज्याची' म्हणजे कुणाची? ज्याच्या नावावर आहे त्याची. आणि अर्धं आयुष्य जी नांगरली ती दप्तरात अतिक्रमण असेल तर? हा प्रश्न तिन्ही राज्यांत वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला.

१९८५ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. लोकांनी विरोध केला, मोर्चे काढले, मणिबेलीत ठाण मांडलं. शेवटी १९९१ मध्ये बँकेने एक स्वतंत्र समिती नेमली. बँकेने स्वतःच पैसे दिलेल्या प्रकल्पाची अशी चौकशी त्याआधी कधी झाली नव्हती. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. उपाध्यक्ष थॉमस बर्जर, कॅनडाचे माजी न्यायाधीश. या बर्जर यांनी आधी कॅनडाच्या उत्तरेत आदिवासींच्या प्रदेशातून जाणाऱ्या गॅसच्या पाइपलाइनची चौकशी केली होती, पाड्यापाड्यावर बसून लोकांचं ऐकलं होतं.

समितीचा अहवाल जून १९९२ मध्ये आला. त्यात १०७ क्रमांकाचा करार पुढे आला. समितीचं म्हणणं साधारण असं, की भारताने हा करार मान्य केलेला आहे, बँकेचंही आदिवासींबद्दल स्वतःचं धोरण आहे, मग ज्यांना 'अतिक्रमणदार' म्हणून बाजूला ठेवता त्यांचा परंपरागत हक्क का धरत नाही? धरायलाच हवा. बँकेने या प्रकल्पापासून मागे होऊन नव्याने विचार करावा, असा सल्ला त्यांनी दिला. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं आणि बँक बाहेर पडली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने एक तपासणी मंडळ स्थापन केलं. बँकेच्या पैशातल्या प्रकल्पाने नुकसान होणारी साधी माणसं तिथे थेट तक्रार करू शकतात, आपल्या सरकारला मध्ये न घालता. तोपर्यंत आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे मुख्यतः देशांनी देशांशी बोलायची गोष्ट होती. त्यात माणसाला, गावाला स्वतःचं तोंड मिळणं ही मोठी उडी होती. त्या उडीमागे नर्मदेच्या काठचे लोक होते. १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसे देणं थांबवावं असं जाहीर पत्रक काढलं, त्याचं नावच मणिबेली जाहीरनामा. पॅरिसचा जाहीरनामा तसा आपल्या अक्कलकुव्याचाही एक आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल? मला नव्हतं.

पण इथे टाळ्या वाजवून थांबलं तर ते खोटं होईल. बँक गेली, धरण राहिलं. मणिबेलीत पाणी शिरलं ते १९९३ मध्येच. पुनर्वसनासाठी जमीन हवी म्हणून तळोद्याची ४,२०० हेक्टर वनजमीन मोकळी केली गेली, आधी २,७०० आणि मग १,५००. वाचायला छान. पण त्या जमिनीवरही माणसं होती. कागदावर नसलेली, वर्षानुवर्षं कसणारी, आदिवासीच. तेही अतिक्रमणदार. म्हणजे एका अतिक्रमणदाराला उठवून दुसऱ्या अतिक्रमणदाराच्या जमिनीवर बसवायचं, असा तो हिशोब झाला. एक शब्द दोनदा कामाला आला, आणि दोन्ही वेळा मेला तो डोंगरातलाच माणूस.

१८ ऑक्टोबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. दोन विरुद्ध एक. बहुमताने म्हटलं की आदिवासींचं विस्थापन झालं एवढ्यानेच त्यांच्या हक्कांचा भंग होत नाही. आणि १०७ क्रमांकाचा करार? त्याचाही विचार झाला. त्याच कराराच्या बाराव्या कलमात अपवाद आहे, देशाच्या आर्थिक विकासासाठी हलवता येतं, फक्त तितकीच चांगली जमीन द्यायला हवी. ज्या कराराने हक्क दिला त्यानेच वाटही ठेवली होती. १७ सप्टेंबर २०१७ ला धरणाचं लोकार्पण झालं.

हे सगळं वाचल्यावर मला काही दिवस अगदी निराश वाटत होतं. मग त्या पावतीकडे पुन्हा वळलो.

२००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. त्याच्या उद्देशिकेत 'ऐतिहासिक अन्याय' हे शब्द आहेत. आपल्याच सरकारने आपल्याच कायद्यात अन्याय झाला असं लिहावं, हे रोज घडत नाही. (त्याच्या पुढच्या वर्षी, २००७ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी आदिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. भारताने बाजूने मत दिलं.) या कायद्याप्रमाणे जो आदिवासी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसतो, त्याचा कसत असलेल्या जमिनीवर हक्क, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. शिवाय गावाचा सामूहिक हक्क वेगळा. दावा आधी तपासणार ग्रामसभा.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला सगळ्यात मोठी वाटते. हा कायदा हक्क 'देत' नाही. तो हक्क 'मान्य' करतो. दिला म्हटलं तर देणारा मोठा. मान्य केला म्हटलं तर तो आधीपासून होता, आम्हालाच दिसत नव्हता. १९४८ च्या जाहीरनाम्याचा गाभाही हाच आहे. हक्क माणसाबरोबर जन्माला येतात, सरकार फक्त ते ओळखतं किंवा ओळखत नाही.

आता कसतो हे सिद्ध कसं करायचं? इथे बाबांची पावती येते. १९७६ मध्ये सरकारने दंड केला, म्हणजे १९७६ मध्ये हा माणूस ही जमीन नांगरत होता असं सरकारनेच लिहून दिलं! ज्या कागदाने त्याला चोर ठरवलं तोच आज त्याचा साक्षीदार. बाबांनी कायदा येण्याच्या तीस वर्षं आधीपासून ती जपून का ठेवली असेल, मी विचारलं. ते हसले. मित्राने त्यांचं बोलणं मला समजावून सांगितलं, "सरकारने दिलेला तो एकच कागद आहे घरात."

गोष्ट इथे संपत नाही. दावे नाकारलेही जातात. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढा असा आदेश दिला होता. देशभर काहूर उठलं आणि २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने तो थांबवला. त्या पंधरा दिवसांत बाबांसारख्यांच्या घरात काय झालं असेल, आपण पेपर वाचून पान उलटलं तेव्हा?

परत आल्यावर मी हे सगळं आप्पांना सांगितलं. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, कान थोडे जड, डोकं एकदम साफ. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "पावती सगळ्यांना मिळायची असं नाही रे. पैसे घ्यायचे, पावती नाही. कोंबडी घ्यायचे, तिची कसली पावती. मी बघितलंय."

"मग ज्यांच्याकडे पावती नाही त्यांचं काय?" मी विचारलं.

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "दुसरं काय चालतं?"

मी सांगितलं, नियमात आहे की गावातल्या वयस्कर माणसाचं म्हणणं लिहून घेतलं तर तोही पुरावा धरतात. फक्त सांगणारा स्वतः दावेदार नसावा.

आमची आजी अहिराणीत विचारायची तसं आप्पा एकदम म्हणाले, "हाई जमीन कोनी शे?" आणि मग मराठीत, "मी त्या गावचा नाही. पण मी पाहिलंय ना त्यांना नांगरताना. माझं चालेल का?"

मला माहीत नव्हतं. मित्राला फोन केला. तो म्हणाला, "लिहून तर पाठवू देत. ग्रामसभेपुढे ठेवू, त्या ठरवतील."

गेला आठवडाभर आप्पा लिहितायत. ज्या हाताने नोंदी केल्या तोच हात, आता थरथरतो. गावांची नावं, पाड्यांची नावं, कुठल्या ओढ्याच्या अलीकडे कुणाचं शेत होतं, सगळं आठवतंय त्यांना. काल रात्री मला बोलावून विचारलं, "ते अतिक्रमणदार लिहायचं नाही म्हणतोस, मग काय लिहू?"

मी म्हटलं, "शेतकरी लिहा ना आप्पा."

त्यांनी चष्मा पुसला, आणि लिहिलं.